किचन रिनोवेशन : दिसणं की सेफ्टी? (डोंबिवली, ७ बाय ९)

सायली_डोंबिवली

नमस्कार मंडळी. ३ वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचा डोंबिवली पूर्वेला १ बीएचके, बिल्डिंग १९९७ची, तिसरा मजला. किचन ७ बाय ९. ओटा कडाप्प्याचा, खाली शटरबिटर काही नाही, सासूबाईंनी शिवलेला फुलाफुलांचा पडदा आणि पडद्यामागे सिलिंडर, तांदळाचा डबा आणि झुरळं. यंदा एक एफडी मोडून किचन करायचंच ठरवलंय. डिझायनरने थ्रीडी पाठवलं, रात्री ११ला फोनवर बघितलं आणि खरं सांगते, गलबलून आलं. पांढरं हाय ग्लॉस ॲक्रिलिक, हँडल नाहीत, काचेचा हॉब (ओट्यात बसवलेली शेगडी), हॉबच्या मागे लाकडी रंगाचं फ्लुटेड, म्हणजे उभ्या खाचांचं पॅनेल, त्यात एलईडीची पट्टी, सिलिंडर ओट्याखाली शटरच्या आत एकदम गायब, आणि हॉलकडची भिंत अर्धी पाडून ब्रेकफास्ट काउंटर.

नवऱ्याने एकच वाक्य टाकलं, "सिलिंडर कोंडायचा नाही, आणि गॅसच्या मागे ते प्लॅस्टिक नको." झालं. त्याला काही सुंदर केलं की त्यात धोकाच दिसतो असं मी म्हटलं, तेव्हापासून दोन दिवस आमचं बोलणं फक्त दुधाच्या पिशव्या किती आणायच्या एवढ्यापुरतं चालू आहे.

तर प्रश्न असा की हे सगळं आजकाल सगळेच करतात ना? इन्स्टावर तर प्रत्येक किचन असंच असतं. खरंच एवढं घाबरण्यासारखं आहे का, आणि असेल तर काय ठेवू नि काय सोडू?

पुणेरी_पाटी

दूध किती आणायचं ठरलं ते आधी सांगा.

खडूस_काका

आमच्या आईने ३० वर्षं पंपाच्या स्टोव्हवर स्वयंपाक केला, चाळीतली १० बाय १० खोली, वर दोरीवर ओले कपडे. काही झालं नाही. हल्लीच्या लोकांना दर गोष्टीत सेफ्टी पाहिजे. करा हो ताई तुम्हाला हवं तसं.

भाजणी

काका, तुमच्या आईला काही झालं नाही याचा आनंद आहे, पण त्याच काळात पेपरात "स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू" दर आठवड्याला असायचं. त्यातले किती भडके खरंच स्टोव्हचे होते तो वेगळा विषय, पण स्टोव्ह निरुपद्रवी होता असं कोणी म्हणू नये.

सायली, मी माझ्या आत्याकडचं सांगते. दिवाळीच्या आधीची चकली. कढई तापत ठेवली, दारावर कुरियर आला, सही, सुट्टे पैसे, दोन मिनिटांच्या जागी सहा-सात. परत आली तर आधी पांढरा धूर आणि मग तिच्या डोळ्यांदेखत तेलाने वरून पेट घेतला, हातभर ज्वाळ. आत्याने काय करावं, गॅस बंद केला आणि ओट्यावर पीठ मळायची पितळी परात होती ती पिठासकट उपडी कढईवर टाकली. पीठ सांडलं जमिनीवर, आग खलास. आणि मग आम्हाला कोणालाही तासभर परात उचलू दिली नाही. हेच नेमकं बरोबर होतं हे मला नंतर कळलं, कारण तेल तेवढंच तापलेलं असतं, झाकण काढलं की हवा लागून परत पेटतं.

आता ऐक. तिच्या गॅसच्या मागे साध्या पांढऱ्या टाइल्स होत्या. त्यावर काळा पट्टा उमटला, व्हिमने घासून गेला. तिथे तुझं फ्लुटेड पॅनेल असतं तर? ती हातभर ज्वाळ मिनिटभर त्याच्यावरच होती.

आणि कोणी पाणी टाकू नका कधी, तांब्याभरसुद्धा. पाणी तेलाच्या खाली जातं, क्षणात वाफ होते, वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते, ती पेटतं तेल घेऊन उसळते. मग छतापासून तुमच्या चेहऱ्यापर्यंत सगळीकडे आग.

सायली_डोंबिवली

बाप रे. भाजणीतै, अंगावर काटा आला.

पण डिझायनर म्हणतो पॅनेल "हीट रेझिस्टंट" आहे.

नकाशावाली

मी आर्किटेक्ट आहे, घरांचीच कामं करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

हीट रेझिस्टंट म्हणजे गरम कप ठेवला तर डाग पडत नाही. ज्वाळेपुढे टिकेल असा त्याचा अर्थ नाही. बाजारातली ही फ्लुटेड किंवा लूव्हर पॅनेल बहुतेक पीव्हीसीची नाहीतर पॉलिस्टायरीनची असतात, काही एमडीएफची (दाबून केलेल्या लाकडी भुशाची). टीव्हीच्या मागे लावा, सोफ्याच्या मागे लावा, छान दिसतात, मीच लावून देते. गॅसच्या मागे नाही. त्या खाचांत तेलाचा थर बसतो तो वेगळाच वैताग, आणि आग लागली तर तो थर म्हणजे वातच. गॅसच्या मागे टाइल, ग्रॅनाइट किंवा टफन्ड काच, ओट्यापासून चिमणीपर्यंत. यात सौंदर्याला कुठे बाध येतो? हिरव्या, निळ्या हँडमेड दिसणाऱ्या टाइल्स इतक्या सुंदर मिळतात आता.

ॲक्रिलिकबद्दल : ते जळतं आणि जळताना वितळून ठिबकतं. सगळ्या किचनला नको असं मी म्हणत नाही, पण गॅसच्या दोन्ही बाजूंची आणि वरची कपाटं लॅमिनेटची करा. जळण्याच्या बाबतीत लॅमिनेटही काही साधुसंत नाही, पण वितळत, ठिबकत नाही. दोन फिनिश मिसळले की उलट बरं दिसतं, सगळं पांढरं चकचकीत म्हणजे पॅथॉलॉजी लॅब.

प्लायवूडवाले तुम्हाला "मरीन घ्या, सगळ्यात भारी" सांगतील. मरीन म्हणजे आयएस (भारतीय मानक) ७१०, ते पाण्यासाठी. आगीसाठी वेगळं फायर रिटार्डंट प्लाय येतं, आयएस ५५०९, शिक्का बघून घ्या. तेही पेटतच नाही असं नाही, हळू पेटतं, तुम्हाला बाहेर पडायला वेळ देतं. सगळीकडे परवडत नसेल तर फक्त गॅसच्या आसपास वापरा.

पण हे सगळं नंतरचं. मला आधी सांगा, किचनच्या दारातून आत शिरलं की पहिलं काय लागतं? गॅस की सिंक?

सायली_डोंबिवली

गॅस. दाराला लागूनच, मग मोकळा ओटा, शेवटी खिडकीखाली सिंक आणि त्याच्यापुढे ड्राय बाल्कनी, तिथे वॉशिंग मशीन. थ्रीडीतही तसंच ठेवलंय.

नकाशावाली

आणि ड्राय बाल्कनीला ग्रिल?

सायली_डोंबिवली

हो, पूर्ण पिंजरा. चोऱ्या झाल्या होत्या ना मध्ये.

नकाशावाली

मग आता डोळे मिटा. तुम्ही बाल्कनीत कपडे वाळत घालताय, इकडे कढईने पेट घेतला. बाहेर जायचा एकमेव रस्ता त्या कढईला घासून. मागे पिंजरा.

मटेरियल काय वापरलं यापेक्षा हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि थ्रीडीत ते कधीच दिसत नाही, कारण थ्रीडीत माणूस कुठे जाणार आहे हे कोणी काढत नाही, फक्त फळांची टोपली काढतात.

वायरमन_बदलापूर

नकाशावाली मॅडम एक नंबर बोलल्या. मी लायसन्सवाला वायरमन, २२ वर्षं झाली. किचनचं काम निघालं की लोक टाइल्सला दीड महिना देतात आणि वायरिंगला म्हणतात जुनंच राहू दे चालतंय. ताई तुमची बिल्डिंग ९७ची, तेव्हा किचनला मिक्सर आणि फ्रीज एवढाच लोड धरलेला असणार. आता हिशोब करा, इंडक्शन २००० वॅट, किटली १५००, मायक्रोवेव्ह १२०० च्या आसपास खेचतो, झाले ४७००, म्हणजे २० अँपियरच्या वर, आणि हे सगळं सकाळी साडेसातला एकदम चालू असतं आणि एकाच १६ अँपियरच्या प्लगवर मल्टिप्लग लावून. मग एमसीबी, म्हणजे जास्त लोडला आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. मग कोणीतरी हुशार माणूस १६ चा काढून ३२ चा टाकून जातो. एमसीबी पडायचा बंद, वायर मात्र तीच, ती आता भिंतीत तापते. मी अशा वायरी काढल्यात की वरचं आवरण हातात चुरा होऊन येतं, बिस्किटासारखं.

त्यामुळे किचनला बोर्डपासून वेगळी लाइन, हेवी पॉइंटला ४ स्क्वेअर एमएमची जाड वायर, प्रत्येक मोठ्या मशीनला स्वतःचा प्लग, एफआरएलएस वायर घ्या म्हणजे जळालीच तर धूर कमी, आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो, दोन्ही लागतात. प्लग गॅसच्या वर किंवा सिंकच्या शेजारी नको.

ती एलईडी पट्टी लावा, खुशाल लावा, पण तिचा ड्रायव्हर (तिला करंट देणारी डबी) कपाटात वर्तमानपत्राच्या मागे कोंबू नका, तो गरम होतो, त्याला मोकळी आणि हात पोचेल अशी जागा द्या. आणि टॉल युनिटच्या (उंच कपाटाच्या) मागे एक्स्टेन्शन बोर्ड लपवायचा नाही. जे दिसत नाही त्याच्याकडे १० वर्षं कोणी बघत नाही.

डोंबोली_फास्ट

वायरमन दादा +१००. आमच्याकडे तोच ३२ वाला हुशार माणूस येऊन गेलाय 😐 आज रात्रीच बघतो.

सायली_डोंबिवली

सगळ्यांचे आभार. सिलिंडरचं कोणीच बोललं नाही, तेच तर भांडणाचं मूळ आहे. शटरला आत जाळी ठेवली तर?

गॅसवाला_नव्हे

गॅस एजन्सीत नोकरी केली होती काही वर्षं, आता दुसरीकडे आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, पाण्यासारखा खाली साठतो. हवेत साधारण २ टक्के झाला तरी ठिणगी पुरते. बंद शटरच्या आत गळत राहिला तर वास यायलाच उशीर होतो, कारण तो वासाचा मसाला गॅसमध्येच असतो आणि गॅस आत कोंडलेला. सकाळी शटर उघडलं, तोवर अर्धं कपाट भरलेलं, आणि शेजारच्या खणात फ्रीजची वायर. त्यामुळे तुमचे मिस्टर बरोबर आहेत, सॉरी.

शटर लावायचंच असेल तर भोकं वर नको, अगदी जमिनीलगत हवीत, आणि चार टिकल्यांएवढी नाही, पूर्ण खालची पट्टी जाळीची. मागची आणि खालची फळी काढून टाका, थेट फरशीवर उभा राहू दे. पण खरी गोष्ट हवेची नाही, हाताची आहे. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायचा असतो हे सगळ्यांना माहीत आहे. पडदा होता तेव्हा सासूबाई वाकून करत असतील. शटर, त्यापुढे ट्रॉली, ट्रॉलीत डाळींचे डबे, असं झालं की पहिल्या आठवड्यात करतील, मग कोणी करत नाही. मी घरोघरी पाहिलंय. एका घरी तर रेग्युलेटर बघायचा म्हटल्यावर बाई स्क्रूड्रायव्हर शोधायला गेल्या.

नळी ती आयएसआय शिक्क्याची केशरी सुरक्षा ट्यूबच, दीड मीटरपेक्षा लांब नको, ५ वर्षांनी बदलायची, वर्ष नळीवर छापलेलं असतं. ती ड्रॉवरच्या मागून, भिंतीच्या भोकातून वगैरे न्यायची नाही. सिलिंडर ड्राय बाल्कनीत ठेवायचा असेल तर रबरी नळी लांबवू नका, एजन्सीकडून धातूचा पाइप टाकून घ्या. आणि सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवर अक्षर आणि वर्ष बघत जा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी, सी, डी पुढचे तीन-तीन महिने. ती तारीख उलटलेली असेल तर परत पाठवा.

वास आला तर दिवे, पंखा, एक्झॉस्ट काही चालू करू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद, दारंखिडक्या उघडा, बाहेर या आणि तिथून १९०६ ला (गॅस गळतीची हेल्पलाइन) फोन.

सायली_डोंबिवली

आमच्याकडे पाइप गॅस येणार येणार असं ३ वर्षं ऐकतोय. तो आला की सुटेल ना हा प्रश्न?

ठाण्याची_मावशी

अर्धा सुटतो. पाइपचा गॅस हलका, वर जातो, म्हणून त्याला खिडकी, झरोका वरच्या बाजूला लागतो. तू दोन्ही ठेव, खाली पण वर पण.

आमची गंमत सांगते. पाइप आणि मीटर किचनमध्ये विद्रूप दिसतो म्हणून आमच्या सुताराने त्याला असं काही बेमालूम कपाट केलं की पाहुण्यांना कळायचं नाही. बंद करायचा कॉक त्या कपाटात, त्याच्यापुढे मसाल्याची ट्रॉली. वर्षभराने कंपनीचा माणूस तपासणीला आला, म्हणाला हे उघडा. उघडेचना. यांनी, सुताराने आणि त्या माणसाने मिळून तासाभरात आमचं वेलव्हेट फिनिश करवतीने कापलं. वाईट वाटलं पण त्याचं बरोबर होतं, गळती झाली असती तर मी काय मसाले काढत बसले असते? आता तिथे आडव्या पट्ट्यांचं दार आहे, चुंबकाने बसतं, एका बोटाने निघतं. कोणी विचारलं तर डिझाइन आहे म्हणते.

टेम्सकाठी

लंडनहून लिहितोय. इथे असले विषय निघाले की ग्रेनफेल टॉवरची आग आठवतेच. १४ जून २०१७, २४ मजली इमारत, चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटच्या किचनमध्ये मोठ्या फ्रीजला आग लागली. फायरवाले वेळेत आले, किचनमधली आग विझवलीसुद्धा. पण तोपर्यंत ती खिडकीतून बाहेर गेली होती, आणि बाहेरून इमारतीला नवीन पत्रे लावले होते, आधीच्या वर्षीच नूतनीकरण पूर्ण झालेलं, ॲल्युमिनियमच्या दोन पातळ थरांमध्ये पॉलिथिन. ७२ माणसं गेली. त्या पत्र्यांमागे इन्सुलेशनचंही कारण होतं, पण जुनी इमारत नवी दिसावी हेही होतंच.

सायली, तुझ्या ७ बाय ९ शी याची तुलना करायची नाहीये. फक्त फ्रीज. तो कपाटात फिट्ट बसवून घेऊ नकोस, कंपनीने सांगितलेली जागा मागे आणि बाजूला सोड. आणि किचनमध्ये धुराचा अलार्म लावू नकोस, फोडणीला रोज बोंबलेल आणि तिसऱ्या दिवशी तू सेल काढशील. इथे किचनला हीट अलार्म लावतात, तापमानावर चालणारा. स्कॉटलंडमध्ये तर फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घराच्या किचनला तो कायद्याने लागतो.

खडूस_काका

ग्रेनफेलपर्यंत पोचलो म्हणजे. आता चंद्रावर जाऊ.

(पण मीही आज रेग्युलेटर बंद करून झोपणार आहे. भाजणीबाईंच्या परातीमुळे.)

कोकणस्थ_नाही

देवघर कुठे आहे सायली? सगळे गॅसच्या मागे लागलेत. आमच्याकडे किचनमध्येच वरच्या कपाटाखाली देवघर केलं, एमडीएफची कोरीव जाळी, मागे पिवळा लाइट, फार गोड दिसायचं. निरांजनाच्या बरोबर वर कपाटाच्या तळाला तपकिरी डाग पडला, आम्हाला वाटलं तेलाचा. पुसायला हात लावला तर लॅमिनेट फुगलेलं आणि आतलं लाकूड कोळशासारखं. रोज पाव तास, दीड वर्ष. एवढंच लागलं.

सायली_डोंबिवली

थांबा, बघून येते.

...आहे. डाग आहे. आमचंही देवघर फळीखालीच आहे, दोन रुपयाच्या नाण्याएवढा डाग. सासूबाई म्हणाल्या, "तो केव्हाचाच आहे, मी त्यावर चांदीचा कागद लावणार होते."

नकाशावाली

देवघराला तळ आणि मागची बाजू ग्रॅनाइटची करा, ओट्यातून उरलेला तुकडा पुरतो. आणि दिवा पुढे, मोकळ्या जागी, वर फळी नसेल तिथे.

भिंतीबद्दल राहिलं. आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा, सोसायटीचं पत्र घ्या. आणि भिंत राहिली तर एक फायदा असा की किचनला दार राहतं. आग लागली तर दार ओढून घेता येतं, धूर हॉलमध्ये यायला वेळ लागतो. उघड्या किचनमध्ये ती मिनिटं मिळत नाहीत. माझं मत, ७ बाय ९ मध्ये ब्रेकफास्ट काउंटरवर शेवटी इस्त्रीचे कपडेच येतात.

भाजणी

😂 आमच्याकडे आलेत.

सायली_डोंबिवली

तीन आठवड्यांनी अपडेट. डिझायनरबरोबर दोन मीटिंग झाल्या, पहिलीत तो फुरंगटला, दुसरीत त्याने स्वतःच नवीन नकाशा काढून आणला.

गॅस दारापासून ३ फूट आत सरकवलाय, सिंक आहे तिथेच. मागे बाटलीच्या हिरव्या रंगाच्या टाइल्स चिमणीपर्यंत, चिमणी गॅसपासून अडीच फुटांवर. फ्लुटेड पॅनेल मी सोडलं नाही हं, ते फ्रीजच्या पलीकडच्या भिंतीवर गेलं, तिथे गॅसपासून ६ फूट अंतर आहे. ॲक्रिलिक फक्त त्याच बाजूच्या टॉल युनिटला, गॅसकडे मॅट लॅमिनेट. ओटा काळा ग्रॅनाइट, क्वार्ट्झ खूप आवडला होता पण त्यात रेझिन असतं, गरम कढई ठेवली की डाग पडतो म्हणे, आणि आमच्याकडे कढई ओट्यावरच उतरते. हॉब फ्लेम फेल्युअरवाला घेतला, दूध उतू जाऊन ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होतो. सिलिंडरला शटर नाही. आडव्या पट्ट्यांचं दार, मावशींच्या आयडियाचं, तळ मोकळा, पुढे ट्रॉली नाही, सासूबाईंनी तीनदा उघडझाक करून पास केलं. भिंत राहिली. ते मला अजून थोडं लागलंय, खोटं कशाला बोलू. संध्याकाळचा उजेड हॉलमध्ये आला असता.

एक्स्टिंग्विशरवरून शेवटची लढाई झाली. डिझायनर म्हणाला लाल रंग थीमला जात नाही, कपाटात ठेवू. नवऱ्याने किचनच्या दाराबाहेर हॉलमध्ये ठोकला, टीव्हीच्या शेजारी, येणारा प्रत्येक जण त्याच्याबद्दल विचारतो. आत फायर ब्लँकेट आहे, आणि सासूबाईंची परात.

आता एकच राहिलंय. बाल्कनीच्या पिंजऱ्याला २ बाय अडीच फुटांची उघडणारी खिडकी करून घेतोय. त्याला कुलूप लावायचं तर किल्ली कुठे ठेवायची? सासरे म्हणतात कपाटात, नवरा म्हणतो त्याच्या कीचेनला. तो दिवसभर ऑफिसला असतो.

गॅसवाला_नव्हे

दोन्ही नको. किल्ली बाल्कनीतच, खिडकीच्या बाजूला आत खिळ्यावर, बाहेरून हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर. आणि घरातल्या प्रत्येकाने एकदा अंधारात हाताने शोधून कुलूप उघडून बघायचं, सासूबाईंनीसुद्धा.

सायली_डोंबिवली

काल रात्री दिवे बंद करून केलं. सासूबाईंना ४० सेकंद, मला सव्वा मिनिट. खिळा दोन इंच खाली घेतोय.